बंद पट्ट्यावरची सासू

खोटं सांगत असेन तर माझी कवळी चारचौघांत गळून पडो आणि पडली की कुत्र्याने पळवो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. काना खरा, मात्रा खरी. ज्यांना पटणार नाही त्यांनी आत्ताच उठून आपापली कामं बघावीत. मधेच कुणी "असं कुठे असतं का?" म्हणालं, तर मी गोष्ट तिथल्या तिथे तोडीन आणि मग बसा हात चोळत.

तर एक सून होती. इंजिनीयर होती, पण पूल-रस्तेवाली नव्हे. यंत्राच्या पोटात बोटाच्या पेराएवढा मेंदू असतो ना, त्याने कधी काय करायचं ते ती ठरवायची. धुण्याच्या मशीनला कसं कळतं की आता दार उघडू द्यायचं नाही? अशाच कुणाच्या तरी सुनेने ते त्याला शिकवून ठेवलेलं असतं. हिची कंपनी बनवायची जिन्याच्या खुर्च्या. जिन्याच्या कडेने रूळ बसवायचा, रुळावर खुर्ची. ज्याचे गुडघे गेले, कंबर गेली, त्याने बसायचं, पट्टा लावायचा आणि हाताशी असलेलं बटण दाबून धरायचं. खुर्ची त्याला घेऊन वर नाहीतर खाली. चालायची मात्र इतकी हळू की मागून गोगलगाय आली तर तिने हॉर्न द्यावा.

अशा यंत्रात गडबड झाली तर "जरा बंद करून परत चालू करा" असं म्हणून चालत नाही. मधल्या पायरीवर म्हातारं माणूस लटकलेलं असतं. म्हणून ही मंडळी प्रोग्रॅम हाताने लिहीतच नसत. महागाच्या कापडाला शिंपी एकदम कात्री लावतो का? आधी कागद कापतो, अंगाला लावून बघतो. तसं यांचं. आधी पडद्यावर चित्र काढायचं, चौकोन आणि बाण. खुर्ची उभी आहे, हा एक चौकोन. खुर्ची चालतेय, हा दुसरा. इथून तिथे कधी जायचं, तो बाण. याला म्हणायचं मॉडेल. त्याच्याशेजारी दुसरं चित्र, माणसाचं. तो बसतो, पट्टा लावतो, बटण दाबतो, पोचतो, उठतो. मग दोन्ही चित्रं तपासनिसाच्या स्वाधीन.

तपासनीस म्हणजे तोही एक प्रोग्रॅमच, पण महाखाष्ट. त्याला सांगायचं, "बाबा रे, पट्ट्यात नसलेलं माणूस घेऊन खुर्ची कधी म्हणजे कधीच हलता कामा नये. बघ, काही पळवाट सापडते का." की निघाला तो. सगळे रस्ते, गल्ल्या, बोळ पालथे घालून येणार. एक जरी वाकडी वाट मिळाली तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून तुमच्या तोंडावर फेकणार. नाहीच मिळाली तर हिरवा दिवा. हिरवा दिवा लागला की त्या चित्रावरून मशीन आपलं आपणच प्रोग्रॅम तयार करायचं, आणि त्याला मग कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

आणि त्या ऑफिसात एक रीत होती, ती नीट ऐका. ज्याने यंत्र काढलं, त्याने माणूस काढायचा नाही. का, तर आई आपल्या पोराशी खेळायला गुणाच्याच मुलांना बोलावते, द्वाडांना नाही. माणूस काढायचं काम दुसऱ्याकडे. त्याला सगळे "वैरी" म्हणत. स्वभावाने इतका गरीब की मुंगी आडवी गेली तर थांबून तिला आधी जाऊ देईल. पण कामाला बसला की खुर्चीवर उलटं बसणारा, पट्ट्याला लोंबकळणारा, बटणावर कोपर टेकून झोपणारा असा एकेक नग काढायचा की यंत्र काढणाऱ्याला रडू फुटावं.

यंदा घात केला गालगुंडाने. चाळिशीतल्या बाप्याला गालगुंड झालं हो! गाल फुगून टरबूज. वैरी घरी पडला. आणि सुनेला तर घाई लागलेली.

घाई का, तर घरात सासू. काडीसारखी म्हातारी, पण आवाज असा की ती वर खिडकीत शिंकली तर खालचा भाजीवाला म्हणायचा, "आलो, आलो!" खुब्याचं हाड मोडलं त्या दिवसापासून ती वरच्या मजल्यावर अडकली होती. सगळा संसार खाली, आणि ही वर. दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडायची, भाजीवाल्याशी वरूनच भांडायची आणि कोथिंबीर शिळी निघाली तर त्याच टोपलीतून परत पाठवायची. भाजीवाला नवा, त्याने तिचा चेहरा कधी जवळून बघितला नव्हता. त्याच्या लेखी ती म्हणजे एक टोपली आणि एक आवाज.

हाड जोडणारा डॉक्टर जाताना बजावून गेला होता, "आजी, आता पुन्हा पडलात तर मी जोडायला येणार नाही. नुसता भेटायला येईन."

ते वाक्य सुनेच्या काळजात रुतून बसलेलं. रोज संध्याकाळी ती वर जाऊन बसायची आणि सासू विचारायची, "काय गं, झालं का माझं विमान?"

"होतंय, आई. गडबड करून चालत नाही."

"माझं वय बघ आणि मग गडबडीचं बोल."

तर वैरी गालगुंडात, सासू खिडकीत, आणि कंपनीचे साहेब म्हणाले, पहिली खुर्ची तुझ्याच घरी लावू, सासूबाई बसल्या की पुढे इतरांकडे. वाट बघणारे पुष्कळ होते. सुनेने एका दुपारी मनाशी म्हटलं, माणूस काय, मीच काढते. अडलंय कुठे? आणि काढला. बसतो, मग पट्टा लावतो, मग बटण दाबतो. पोचला की बटण सोडतो, मग पट्टा सोडतो, मग उठतो. शहाणा, सरळ, सांगितलेलं ऐकणारा. खरं सांगू? तिने स्वतःलाच काढलं होतं.

तपासनीस गेला, फिरून आला, हिरवा दिवा. सून खुशीत घरी आली आणि सासूला म्हणाली, "आई, ही खुर्ची तुम्हाला पाडूच शकत नाही. गणिताने सिद्ध केलंय."

सासू म्हणाली, "गणितात तू हुशार आहेसच. मी जरा कच्ची."

खुर्ची बसली. साहेब माणसं घेऊन संध्याकाळी येणार होते, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. चावी सुनेने नवऱ्याच्या हाती दिली आणि बजावलं, "काहीही झालं तरी आईंना द्यायची नाही."

"वेडी आहेस का?" नवरा म्हणाला.

आणि ती ऑफिसला गेली.

ऑफिसात जाऊन बघते तर वैरी हजर. गळ्याभोवती मफलर, गाल अजून पुरते उतरलेले नाहीत, चहा नळीने ओढतोय. तिने उत्साहाने त्याला हिरवा दिवा दाखवला. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "माणूस कुणी काढला?"

"मीच काढला. तुम्ही नव्हता ना."

नळीतला चहा वर चढता चढता खाली आला.

"तुम्हीच काढला," तो म्हणाला. रागाने नाही, घरात गॅसचा वास आल्यासारखा. "बघू."

त्याने तिचा माणूस उघडला. एकेका बाणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "छान आहे. याच्याशी बहिणीचं लग्न लावून द्यावं असा आहे. पण हा आधी बसतो आणि मगच पट्टा लावतो, असं का?"

"मग? दुसरं काय करणार? बसल्याशिवाय पट्टा लावतं का कुणी?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त बाण काढतो." आणि त्याने दोन बाण पुसले आणि चार नवे ओढले. आता चित्रातला माणूस कुठलीही गोष्ट कुठल्याही वेळी करायला मोकळा. त्याने तपासनिसाला सोडलं.

या खेपेला तो लांब गेलाच नाही. चहाचा घोट गिळेपर्यंत परत. पडदा लालभडक. खाली त्याने सापडलेली वाट लिहिलेली:

पट्टा लावला. मग बसला. बटण दाबलं. खुर्ची चालू. पायाशी अडथळा. खुर्ची जागच्या जागी थांबली. माणूस खुर्चीत नाही.

सुनेने ते वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटची ओळ वाचूनही ती हसली. माणसाचं असंच असतं.

"हे काहीतरीच! म्हणजे रिकाम्या खुर्चीचा पट्टा आधीच अडकवायचा आणि त्या बंद पट्ट्यावर जाऊन बसायचं? खुर्चीला वाटणार पट्टा लागलाय, पण माणूस मोकळाच?"

"हो. आणि पायाशी काही आलं तर खुर्ची गचकन थांबणार. थांबायलाच हवी, ते तुम्ही बरोबरच केलंय. पण जो बांधलेला नाही तो नाही थांबणार."

"अहो, पण असं करेल कोण?"

वैरीने मफलर सारखा केला. "तुमच्याकडे त्या खुर्चीवर कोण बसणार आहे?"

"सासूबाई."

"त्या गाडीत पट्टा लावतात का?"

सून "लावतात की" म्हणणार होती. तेवढ्यात डोळ्यासमोर घरची गाडी आली. सासू पुढच्या सीटवर. गाडी पीं पीं करतेय. आणि सासू काय करते? पट्टा पाठीमागून ओढून कडीत अडकवते, त्यावर ऐसपैस बसते आणि म्हणते, "गप केलं बघ मेलीला." हे तिने वर्षानुवर्षं, दर खेपेला, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. पाहून हसलेली सुद्धा. आणि माणूस काढायला बसली तेव्हा ते तिच्या डोक्याच्या आसपासही फिरकलं नव्हतं.

मग एकदम आठवलं की चावी नवऱ्याकडे आहे, आणि जीव भांड्यात पडला. तरी खात्री असावी म्हणून तिने घरी फोन लावला. वैरीनेही ऐकावं म्हणून मोठा आवाज केला. खरं तर सासूच्या बाबतीत त्याची गरज नसते.

"हॅलो आई, काय चाललंय?"

"काय चालणार? खुर्ची चाललीय!" सासू ओरडली. मागून घर्रर्र आवाज येत होता. "अगं, काय झकास केलीस गं! सकाळपासून नुसती वर-खाली, वर-खाली. आत्ता जिन्यातच आहे मी."

सून ताडकन उठली. वैरीने नळी तोंडातून काढली.

"चावी... चावी कुणी दिली तुम्हाला?"

"दिली कुठे? नुसती हातात धरून बघते म्हटलं त्याला. आईला नाही म्हणेल का तो? मग शाळेत गेला शिकवायला."

"आई, ऐका. पट्टा लावलाय ना? तुमच्या पोटावरून आहे ना पट्टा?"

"लावलाय की. आधीच लावून टाकला, त्यावर उशी टाकली आणि बसले. नाहीतर आवळतो गं तो."

पडद्यावर पहिल्या दोन ओळी तशाच लाल चमकत होत्या. पट्टा लावला. मग बसला. सुनेला वाटलं, आपण काही वाचत नाही आहोत, पडद्यावरून घर बघतोय.

"आई, बटण..." ती म्हणणार होती बटण सोडा, पण वैरीने तिचा हात धरला आणि मान हलवली. बटण सोडलं तरी खुर्ची जागच्या जागीच थांबते. तो बाण तिनेच काढला होता. माणसाने सोडलं म्हणजे त्याला थांबायचं आहे, लगेच थांब.

"बटणाचं काय विचारतेस?" सासू म्हणाली. "दाबून दाबून बोट दुखायला लागलं, म्हणून केसाची रिबीन गुंडाळून टाकलीय त्याच्यावर. आपलं आपण दाबलेलं राहतं."

वैरीचा सुजका चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं लोक काय काय खोड्या करतील ते शोधण्यात गेली, तरी हळूच म्हणाला, "रिबीन तर मलाही सुचली नव्हती."

"आई, मागे टेकून बसा. दोन्ही हातांनी खुर्चीला धरा."

"कुठल्या हातांनी? एका हातात तू आहेस, दुसऱ्यात काठी. आणि मागे कशी टेकू, पुढे मांजर बसलंय."

"काय?"

"शेजाऱ्यांचं. वळणावर ऊन येतं ना, तिथे पसरलंय लाटसाहेब. हुश्श! हुश्श! हलतंय का बघ. वाकून काठीने ढोसते."

पायाशी अडथळा. पुढची ओळ. खुर्चीच्या पायफळीला मांजर लागणार, खुर्ची गचकन थांबणार, आणि पट्ट्याविना पुढे वाकलेली सासू... शेवटची ओळ सुनेला वाचायची नव्हती. खुर्ची मांजराला सांभाळणार होती. अगदी गणिताने सिद्ध केल्याप्रमाणे.

"वाकू नका! आई, माझी शपथ, वाकू नका!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?"

वैरी तोवर की-बोर्डवर वाकला होता. रोज तो तपासनिसाला विचारायचा, वाईट कसं होईल ते शोध. आज त्याने प्रश्न उलटा घातला. खुर्ची चालू आहे, बाई मोकळी आहे, बटण बांधलेलं आहे. इथून झटका न बसता थांबायची एखादी तरी वाट आहे का?

तपासनीस निघाला. आणि तिकडे फोनमधून घर्रर्र, घर्रर्र. गोगलगायीच्या चालीला तोवर हसत होतो ना आपण? त्या दिवशी सुनेला ती खुर्ची पळत्या घोड्यासारखी वाटली.

एकच वाट आली. एकाच ओळीची. पट्टा उघडला, खुर्ची हळूहळू थांबली.

तो बाण सुद्धा तिचाच. काढताना तिने विचार केला होता की चालत्या खुर्चीत पट्टा सुटला तर झटका द्यायचा नाही, सुटलेला माणूस पडेल. अलगद थांबायचं. केव्हातरी केलेला शहाणपणा असा मदतीला धावून आला.

"आई, पट्ट्याची कडी उघडा! लगेच!"

"लाव म्हणतेस की उघड म्हणतेस? एक काहीतरी ठरव."

"उघडा! उजव्या बाजूला आहे, मांडीजवळ. लाल बटण."

"ती उशीखाली गेलीय. हात मोकळा नाही."

"काठी सोडा!"

"मांजराला लागेल गं."

"आई!!"

असं ओरडली की शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. ज्या सुनेने सासूपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तिच्या तोंडून ते निघालं होतं.

आणि फोनमधून आवाज आला. खाड्. मग खड् खड् खड् खडाड्. लाकडी पायऱ्यांवरून काहीतरी गडगडत खाली गेलं. मग काही नाही. घर्रर्र सुद्धा नाही.

सून तशीच उभी राहिली. फोन दोन्ही हातांत घट्ट धरलेला. दारातली माणसं, वैरी, सगळे पुतळे. डॉक्टरांचं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. नुसता भेटायला येईन. नुसता भेटायला.

"काठी गेली," सासूचा आवाज आला.

सुनेने फोन तोंडाशी नेला.

"अगं, ऐकतेस ना? काठी गेली खाली. पार चपलांच्या खणापर्यंत. कडी उघडली मी. खुर्ची थांबली. आता काय करू?"

"मांजर?" सुनेच्या तोंडून एवढंच फुटलं.

"जांभई देतंय. माझ्या पायाला लागेल इतकं जवळ आहे बघ."

सून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. वैरीने मफलर सोडून तिला डोळे पुसायला दिला. गालगुंडाचा मफलर, पण तेव्हा कोण बघतंय?

मग ती धावत सुटली. घरी पोचली तर सासू जिन्याच्या वळणावर, उन्हात, राणीसारखी बसलेली. मांजर मांडीवर. बटणावर निळी रिबीन, सुबक फुलाची गाठ मारलेली. सून चार-चार पायऱ्या चढून गेली, तिने सासूच्या कमरेला मिठी मारली आणि तशीच राहिली. सासूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चुकलं गं माझं. तुझं ऐकायला हवं होतं."

तर मंडळी, त्या दिवशीचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. सून आ वासून बघतच राहिली.

संध्याकाळी साहेब आले माणसं घेऊन. सुनेने दारातच सांगितलं, आज कुणी बसणार नाही. ही खुर्ची कुणाकडेच जाणार नाही.

"पण हिरवा दिवा लागला होता ना?" साहेब चक्रावले.

"लागला होता. मी काढलेल्या माणसासाठी. सिद्धता बरोबर आहे, साहेब. माणूस चुकीचा आहे. तसा माणूस आमच्या घरात एकही नाही."

साहेबांचा चेहरा पडला. वाट बघणारी सगळी म्हातारी माणसं त्यांच्या डोळ्यापुढे आली असणार. तेवढ्यात वरून आवाज आला, "त्यांना म्हणावं, मी बसत होते सकाळपासून! चांगली आहे खुर्ची!" साहेबांनी खालच्या पायरीवर बसकण मारली आणि रुमालाने कपाळ पुसलं. सकाळपासून काय काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी वैरी घरी आला. खुर्चीची वीज काढली आणि जिन्यात बसून म्हणाला, "आजी, तुमच्या मनाला येईल ते करा. मी फक्त बघतो."

असं आमंत्रण आयुष्यात कोणी दिलंय का कुणाला? सासूने जे करून दाखवलं ते सगळं सांगायला बसले तर तुमची जेवणं राहतील. पट्ट्यात पिठाचा डबा बांधला. मांडीवर उशी घेऊन उशीला पट्टा लावला. रिबीन, रबर, कपड्याचा चिमटा, बटणाला जे जे लावता येईल ते लावलं. वैरी भारावून बाण काढत होता. मधेच म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

"जिना उतरता आला की येते," सासू म्हणाली.

पडद्यावरच्या माणसाच्या चौकोनावर आता "सासूबाई" असं नाव पडलं. सुनेने यंत्र नव्याने काढलं. माणूस आधी बसायला हवा आणि बसल्यावर पट्टा उघड्याचा बंद व्हायला हवा. आधीच बंद असेल तर खुर्ची ढिम्म. दर फेरीआधी बटण एकदा सुटलेलं दिसायला हवं. रिबीन असेल तर ढिम्म. तपासनिसाने किती खेपा लाल पडदा तोंडावर फेकला ते विचारू नका. माणूस मात्र या वेळी तिने काढला नाही. वैरीच्या पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे केव्हातरी हिरवा दिवा लागला, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "परत एकदा सोडा त्याला."

खुर्ची पुन्हा लागली. सासू तयारीनिशी आली. आधी पट्टा, वर उशी, मग बसली. खुर्ची हलेना. रिबीन बांधली. हलेना. उशीला पट्टा लावून बघितला, तो डावही पकडला गेला. सगळे खाली उभे राहून बघताहेत, आणि ही वर लालबुंद.

"हा दगड केलास की खुर्ची? माझं एक ऐकत नाही!"

सून खालूनच म्हणाली, "आई, तुमच्याकडूनच शिकलीय ती."

शेवटी सासू नीट बसली, तोंड वाकडं करत पट्टा पोटावरून घेतला, खट्ट लावला आणि बटण दाबलं. घर्रर्र. वळण आलं, ऊन आलं, मांजर उठून बाजूला झालं. खुर्ची तळाशी अलगद टेकली. सून श्वास घ्यायचा विसरली होती, तो तिने तेव्हा घेतला.

सासू उठली, काठी टेकत सरळ दारापर्यंत गेली आणि रस्त्यावर उभी राहिली. समोर भाजीवाला. तिने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अस्सं! म्हणजे तूच का तो शिळ्या कोथिंबिरीवाला?"

आवाज ओळखून भाजीवाल्याने आधी वर खिडकीकडे बघितलं. मग समोर. त्याच्या हातातला तराजू खाली पडला.

झाली गोष्ट. कवळी बघा, जागच्या जागी आहे. आता इतकं झालं म्हणून सांगते, एकच वाक्य मी पदरचं घातलं. मिठी मारली तेव्हा सासू "चुकलं गं माझं" म्हणाली, ते खोटं. असं काही तिच्या तोंडून निघालं नाही आणि निघणारही नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ते तोंड माझंच ना. ती म्हणाली होती, "हळू गं, मांजर चेंगरेल."